शेवटून चौथं नाव

माझा बाप दर मंगळवारी मरायचा.
बुधवारी सकाळी उठून अंडी तळायचा,
पावाच्या कडा माझ्यासाठी कापून ठेवायचा.
कानामागे थोडं रक्त राहिलेलं असायचं.
चॉकलेटचा पाक तो, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रक्तासारखा दिसणारा.
मी बोटाने चाखायची.

पडद्यावर त्याला नाव क्वचितच असे.
'दुसरा दरोडेखोर'. 'गुरांचा चोर'.
एकदा तर नुसतं 'ठिगळांचा कोट घातलेला'.
ऑर्विन स्ट्रॅटमन हे नाव यादीत शेवटून चौथं,
घोडे पुरवणाऱ्याच्या खाली.
आई म्हणायची, घोड्यांना निदान वेळेवर चारा मिळतो.

देवाने डोळेच असे दिले होते
की मायेने पाहिलं तरी
समोरचा आपला खिसा चाचपायचा.
बरबँकच्या किराणा दुकानातल्या मिसेस ओडेल
सुट्टे पैसे त्याच्या हातावर ठेवत नसत,
काउंटरवरून सरकवत.
तो अदबीने हॅट काढायचा.
त्या आणखीच घाबरायच्या.

"तुझा बाप नेहमी हरतोच का गं?"
वर्गातल्या ड्वेननं विचारलं.
मी म्हटलं, हरायचेच पैसे मिळतात.

गोळीचे पस्तीस डॉलर.
छपरावरून पडायचे पंचाहत्तर.
घोड्यासकट पडलं तर वेगळा भाव.
मी पाढे असेच शिकले:
माझ्या दातांची तार, दोन छपरं.
आईचं ऑपरेशन, अकरा छपरं आणि पाण्याची एक टाकी.

दिग्दर्शक म्हणत, ऑर्विनसारखं पडणं कुणाला जमत नाही.
बाकीचे हात पसरतात, छाती धरतात, आकाशाकडे बघतात.
हा आधी गुडघ्यात विसरतो,
मग त्याचा हात कमरेपाशी काहीतरी शोधतो,
पिस्तूल नव्हे,
जवळचं, रोजचं काहीतरी,
खिळ्यांची पिशवी असावी तसं.

खिळ्यांची पिशवीच होती ती.
नेब्रास्का, एकोणीसशे एकवीस.
धान्याच्या कोठारावर आजोबा पत्रे ठोकत होता.
खाली नऊ वर्षांचा ऑर्विन,
शिडी धरून.

हे मला आत्याने सांगितलं, तो गेल्यावर.
तो स्वतः एवढंच म्हणायचा:
पडणारा माणूस ओरडत नाही.
ओरडतात ते खालचे.
म्हणून कागदावर लिहून दिलेली किंकाळी
तो दरवेळी गिळून टाकायचा,
आणि लोक म्हणायचे, काय संयम आहे अभिनयात!

आमच्या घरी शिडी नव्हती.
बल्ब गेला की शेजारचे मिस्टर क्वान आपली घेऊन यायचे.
तोवर बाप मागच्या अंगणात
लिंबाला पाणी घालत राहायचा,
घातलेल्यालाच पुन्हा.

मग ते सिनेमे आटले.
त्याला एकदा पाद्री केलं. तीन वाक्यं, हातात पवित्र ग्रंथ.
चाचणीच्या खेळाला प्रेक्षक वाट बघत बसले
की ग्रंथातून पिस्तूल कधी निघतंय.
प्रसंग कापला.
पाद्र्याचा झगा मात्र त्याने विकत घेतला, चार डॉलरला.
का, ते कधी बोलला नाही.

शेवटी वृद्धाश्रम. दिवाणखान्यात टीव्ही,
त्यात बत्तीस वर्षांचा तो, टाकीवरून खाली येताना.
सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.
तो खुर्चीतून वाकून म्हणाला,
"उजवा पाय चुकला बघ."

गेला तेव्हा नीट गेला नाही.
तीन दिवस लागले. कुणी 'कट' म्हणेना.
हात पांघरुणावर काहीतरी शोधत होता, कमरेपाशी.
मी शिडी धरली असती,
पण पलंग जमिनीपासून जेमतेम दोन फूट.

परवा स्टुडिओचा चेक आला, पुनःप्रक्षेपणाचा.
तीन डॉलर.
म्हणजे कुठल्याशा गावात
रात्री उशिरा तो पुन्हा पडला असणार.
एका छपराचा पंचविसावा भाग.

वटवला मी.
अंडी आणली.