तीनशे बाराची चादर

तीनशे बाराची चादर झाडली
तेव्हा टपकन पडली ती, लाल, गोल,
पाच हजार लिहिलेली.
साहेब पहाटेच विमानतळावर गेले होते
उशीवर तेलाचा डाग आणि खोलीभर
फेणीचा वास ठेवून.

लुदोविना म्हणाली, मोडून आण गो.
कुठून आणू?
खाली दारावर कार्ड बघतात,
गोव्याचा पत्ता दिसला की हात जोडतात:
बाई, तुम्हाला इथे खेळता येत नाही.
आत मी रोज जाते, गालिचा झाडायला.
त्याला पत्ता चालतो.

पाहुणे विचारतात, इथे बघण्यासारखं काय?
मी सांगते, फोंतेन्हासच्या निळ्या भिंती,
रेइश मागुशचा किल्ला,
मिरामारला बुडणारा सूर्य.
बेतीची फेरी सांगत नाही.

नऊच्या फेरीत मासळीच्या रिकाम्या पाट्या,
एक स्कूटर, एक झोपलेला पोलीस.
मांडवीवर जहाजांचे दिवे इतके सांडलेले
की खेकड्यांनाही डोळा लागत नसेल.
कमरेच्या रुमालात ती
घरापर्यंत गरम.
काउंटरवर द्यायला हवी होती.
देईन. उद्या. साहेबांचा फोन आला तर आजही.

शमिकाने अंगणात खडूने आठ घरं आखलीत.
सहाव्यात तिने लाल ठिकरी टाकली,
लंगडी घातली, पाय रेषेवर.
आउट! शेजारचा क्लाइव्ह ओरडला.
भांडण रंगलं, पाच हजार तिथेच.
कोंबडीने एकदा चोच मारून पाहिली
आणि पुढे गेली.