कोरा खिळा

सँडस्की, ओहायो. सरोवर काठापर्यंत गोठलेलं,
आणि छापखान्यात शाईसुद्धा शेगडीशी नेऊन ठेवावी लागते.
मी हुल्डा ब्रेनेके. खिळे जुळवते.
सगळं उलटं वाचते, डोकं खाली, पाय वर;
त्यामुळेच असेल, लेम्युएल स्ट्रोडच्या विनोदांना
मला कधी वेळेवर हसू आलं नाही.

दर मंगळवारी त्याचा मजकूर येतो,
त्याच्याच मासळीच्या दुकानातल्या पिवळ्या कागदावर.
त्यात एक जेफ्था काका असतो, आणि तो पडतो.
विहिरीत पडतो, चुन्याच्या खड्ड्यात पडतो,
एकदा तर बॅप्टिस्टांच्या हौदात, स्वतः मेथडिस्ट असून.
दर वेळी वर येतो, निथळत, कुरकुरत,
कुणाकडे तरी टोपीचे पैसे मागत.
गावाला काका तोंडपाठ.
न्हावी वूस्टर वस्तरा हवेत धरून मोठ्यानं वाचतो
आणि खुर्चीतल्याला बजावतो, हलू नका.

मी मोजलंय. काका अकरा वेळा पडला, अकरा वेळा वर आला.
स्ट्रोडचा भाऊ एसा एकदाच पडला,
फेब्रुवारीत, बर्फ कापताना, करवतीसकट.
घोडा वर आला.
टोपी तर बुडालीच नव्हती,
काठावर काढून ठेवली होती, घाम आला म्हणून.
चर्चमागे तीच पुरली.
पेटी हलकी होती.
खिळे मात्र पुरते लागले.

या जानेवारीत काका शेवटी बर्फात पडला.
नऊ पानं.
सातव्यावर मलासुद्धा असं हसू फुटलं
की हातातली ओळ सांडता सांडता राहिली.
आणि आठव्यावर, काका म्हणायचं तिथं,
त्यानं लिहिलं होतं: एसा.
एकदाच. खाडाखोड नाही.

कागद घेऊन दुकानात गेले.
तो पर्च खवलत होता. सुरी न थांबवता म्हणाला,
"जागा सोड."
"किती?"
"नाव मावेल एवढी."

कोरा खिळा पाहिलाय कधी?
त्याला तोंड नसतं.
उंचीला इतरांहून जरासा कमी,
म्हणून शाईचा रूळ त्याच्या डोक्यावरून निघून जातो.
कागदावर तो दिसत नाही.
काढून बघा मात्र, अख्खी ओळ ढासळते.

शुक्रवारी न्हाव्याकडे ती फट बघून
लोक आणखीच खिदळले:
काका पडला तिथं भोक! काय डोकं आहे स्ट्रोडचं!
वूस्टरनं अंक खिडकीला चिकटवला.
संपादकानं माझे पंधरा सेंट कापले.

मंगळवारी पिवळा कागद आला, कोपऱ्याला खवले चिकटलेले.
काका सायडरच्या पिंपात पडला होता.
वर यायला त्याला या खेपेला
दोन परिच्छेद जास्त लागले.