पंगत कुठली टाकू?

सात रस्त्याच्या ट्रॅव्हल्समधला पोरगा, रेवणसिद्ध,
फॉर्म भरता भरता मान वर करतो.
"मावशी, पंगत कुठली टाकू?
पहिली साडेसहाची, दुसरी साडेआठची.
टेबल ठरलेलं पाहिजे, का रोज मिळेल तिथं?
दोघींचं, चौघांचं, का आठ अनोळखी माणसांचं?"

थांब की रे. इतक्या घाईनं विचारतात का असलं?

एकतीस वर्षं हेच करत आले मी.
रेल्वे लाइन्सला खाणावळ, पाच टेबलं, बावीस खुर्च्या,
त्यातल्या एकीचा पाय आखूड.
आलेल्या माणसाच्या चपला बघते
आणि ठरवते, कोण कुठं.
टॉवेल कारखान्याचा सुपरवायझर भिंतीकडं तोंड करून,
जेवताना त्याला हाताखालचं कुणी दिसायला नको.
औषधांच्या बॅगेवाला, बडबड्या,
कोर्टाच्या तारखेला आलेल्या म्हाताऱ्यासमोर,
म्हणजे एकाला कान मिळतो
आणि दुसऱ्याला न बोलायची सोय.
नव्या नवराबायकोला कोपरा देत नाही.
कोपऱ्यात भांडणं होतात.
तेलुगूवाले आणि कन्नडवाले एका टेबलाला बसवले
की शेंगाचटणी मागायला सगळे मराठीत येतात.

एकदा, एकमेकांवर केस घातलेले दोन भाऊ
मीच चुकून समोरासमोर बसवले.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज, दुसरं काही नाही.
शेवटी धाकट्यानं दह्याची वाटी पुढं सरकवली.
केसचं काय झालं, माहीत नाही.
वाटी रिकामी परत आली.

जहाजाचं तिकीट लेकीनं धाडलंय.
"आई, सात रात्री. तू नुसतं बसायचं."
सोबतीला निंबव्वा, माझी जाऊ,
वाटणीच्या वर्षापासून माझ्याशी मोजून बोलणारी.
दोघींचं टेबल घेतलं तर
सात रात्री तिच्या बांगड्या ऐकत जेवीन.

"उद्या सांगते," म्हटलं.
रेवणसिद्धनं फॉर्मवर पेपरवेट ठेवला.

रात्री साडेदहाला खुर्च्या टेबलांवर चढवलेल्या,
विजापूरची गाडी चुकलेला एक जण दारात.
पिशवी अशी धरलेली, की मांजराचं पिल्लू आहे आत.
त्याला एक खुर्ची उतरवून दिली.
मग काय झालं काय की,
दुसरीही उतरवली. आखूड पायाची. त्याच्या समोर.

माझं ताट रोज ओट्याशी, उभ्यानं,
एक डोळा दुधावर ठेवून.

तो दचकला. जागा मायंदाळ असून
थोडा सरकला.
हात कुठं ठेवायचे कळेना मला.
समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं, का आपल्या ताटात?
आधी त्याचा घास, का माझा?
हजारो माणसं बसवली,
हे कुणाला विचारलंच नव्हतं.

खुर्ची डगमगली, वरण सांडलं.
त्यानं वर न बघता खिशातून
चुकलेल्या गाडीचं तिकीट काढलं,
चार घड्या केल्या,
वाकून पायाखाली सारलं.

"चटणी भारी आहे ओ, कुणी कुटली?"
आणि मी, जिच्या खांद्यात अजून मुसळ दुखतंय,
लाजले चक्क.
"घरचीच," म्हटलं.
एवढंच बोललो आम्ही. नाव राहिलंच.
बोटं वाळेपर्यंत दोघंही उठलो नाही.

सकाळी सात रस्त्याला.
"दुसरी पंगत टाक. आठांचं टेबल."
"आणि निंबव्वा मावशींचं?"
"तिचं पण तिथंच. विचारत बसू नको तिला.
मधे तीन माणसं सोडून बसव.
आणि हे बघ, लिही त्यांना,
खुर्ची डगमगती असली तरी चालेल."

रेवणसिद्धनं फॉर्म उलटून पालटून बघितला.
"मावशी, ते लिहायला रकाना नाही."