गाणं कधी सुरू होतं

रियेकात बोरा वारा सुटला की
माणसं भिंतीला धरून चालतात.
एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत असाच सुटला होता
आणि त्या तळघरात आम्हाला ऐकायला अकरा जण आले,
त्यातले चार वाऱ्यापासून लपायला,
एक कोळशाचा हिशेब मागायला.

ल्येर्का तेव्हा एकोणीसची.
दिवसा कागदाच्या कारखान्यात
सिगारेटचा कागद उजेडाला धरून
भोकं शोधायची.
इतका पातळ, म्हणायची,
की मोठ्यानं बोललं तर फाटेल.
म्हणून आठ तास गप्प.
मग रात्री आमच्याकडे.

आमच्याकडे म्हणजे
एगॉनची गिटार, सहातल्या चार तारांची,
झ्वोन्को आणि त्यानं गोदीतून उचललेला
रंगाचा रिकामा पिंप,
आणि मी, बासवर. मला तीन सूर येत होते,
त्यातला एक चुकीचा.
माइक तिच्या मामाचा. मामा लग्नांत गायचा,
शनिवार-रविवार त्याला लागायचा,
म्हणून आमची क्रांती फक्त मंगळवारी.

तिचा सूर लागायचा नाही.
खरं तर ती लावायचीच नाही,
लावायची ते दार:
भिंतीकडे तोंड करून उभी,
आणि पहिला शब्द येईपर्यंत
आम्ही आपले तेच तीन सूर दळत बसायचो.

मग ल्युब्लियानाहून चिठ्ठी आली.
विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात कार्यक्रम,
जेवण मिळेल, प्रवासखर्च नाही.
मासळीच्या ट्रकमधून गेलो,
बर्फाच्या पेट्यांवर बसून,
पोचेपर्यंत तिचा घसा पार बसलेला.
मध झाला, एगॉनच्या खिशातली ब्रँडी झाली,
त्या घशातून फक्त हवा.
समोर दोनशे माणसं.
इतकी माणसं आम्ही
कॉफीच्या रांगेतच पाहिली होती.

तिनं कोटातून शिफ्टची वही काढली
आणि वाचायला लागली, कुजबुजत:

रोल एकशे बारा, कडेला भोक.
रोल एकशे तेरा, ठीक.
रोल एकशे चौदा, ठीक.
रोल एकशे पंधरा, मधोमध भोक,
झाकता येईल.

झ्वोन्कोचा हात थांबला,
मग त्यानं पिंप पुन्हा धरला, बोटांनीच.
माझा चुकीचा सूर
पहिल्यांदाच कुणाला तरी हवा होता.
ती वळली.
रोल एकशे सोळा, म्हणाली, लोकांकडे बघत,
आणि पुढं काही सांगितलंच नाही.

कुणीतरी ते टेप केलं.
कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक,
मे महिन्यात ती झाग्रेबला पोचली, आमच्या आधी.
दर प्रतीला आवाज पातळ होत गेला,
शेवटी शेवटी उजेडाला धरावा असा.

एक प्रत तिच्या आईला ऐकवली.
सार्डिनची डोकी मोडत तिनं सगळी ऐकली,
हात पुसले, विचारलं,
गाणं कधी सुरू होतं?
ल्येर्का हसली. खूप.
तेव्हाही आवाज आला नव्हता.

पुढं तिला खरे ड्रम मिळाले,
दुसरा बासवाला मिळाला, चौथा सूर येणारा.
मामा गेला, माइक परत द्यायचा राहून गेला.
कधी तोंडाजवळ नेला तर
जाळीतून आधी तंबाखूचा वास येतो,
कुणाच्या तरी लग्नाचा,
मग बराच वेळ काही नाही.
मी मंगळवारीच काढतो तो.