तुली

फ्रिजमधला मधला कप्पा माझा.
चिकटपट्टीवर त्रीननं नाव लिहिलंय, एक अक्षर चुकवून.
मी तसंच ठेवलं. इथे मी त्या चुकलेल्या नावाची.
वरचा कप्पा नेरेआचा: चीज, चीज, आणि घरून आलेल्या सुक्या मिरच्या.
खालचा झ्वियादचा.
तो दर रविवारी अक्रोड कुटतो
आणि शेजारीण भिंत ठोकते.

पॉकेटमनी वीस तारखेला संपतो.
मग काळा ब्रेड, बटाटे
आणि झ्वियादची दया.

सकाळी आठला मी लाकडं वाहते.
प्रमाणपत्रावर लिहिणार आहेत,
ज्येष्ठांच्या सामाजिक सहभागासाठी योगदान.
म्हणजे लाकडं.
म्हणजे गोळ्यांची डबी सोम ते रवि भरणं,
पायरीवरच्या बर्फावर राख टाकणं,
हेल्यूचा चष्मा हेल्यूच्याच डोक्यावर शोधणं.

एस्टोनियन मी भलत्याच क्रमानं शिकले.
गुडघा आधी आला, समुद्र अजून आलेला नाही.
गिळा. हळू. आता दुसरा पाय.
या भाषेला भविष्यकाळच नाही,
त्रीन पहिल्या दिवशी म्हणाली,
घरात गरम पाणी नाही असं सांगावं तशी.
आणि भूतकाळापर्यंत आमचा वर्ग पोचला नव्हता.
उरला वर्तमान. त्यात मी राहायला लागले.
खोली लहान, पण पुरते.

हेल्यूच्या ते लक्षात आलं.
ती माझ्यासाठी सगळं वर्तमानात सांगायची,
मुलाला मासा भरवताना काटे काढावेत तशी:
एंडेल घरी येतो.
एंडेल बूट काढतो.
एंडेलच्या मिशीत बर्फ आहे.
एंडेल म्हणतो, सूप खारट आहे.

दोन महिने मी या एंडेलची वाट पाहिली.
वाटायचं, माझी वेळ संपल्यावर येत असेल.
दारामागे त्याचे बूट होते,
एकदा मी त्यांना ग्रीससुद्धा लावलं.
एकदा सूप वाढताना तिसरा वाडगा काढला.
हेल्यूनं तो पाहिला
आणि राहू दिला.

बुधवारी सहाला व्होरूच्या ग्रंथालयात वर्ग.
नोव्हेंबरच्या शेवटी बाईंनी फळ्यावर लिहिलं:
तुलेब, येतो. तुली, आला.
मग खडू बोटांत फिरवत म्हणाल्या,
तुली म्हणजे विस्तवही. गोंधळू नका.
नेरेआनं वहीत ज्वाळा काढली.
मी पेन खाली ठेवलं
आणि एंडेलचं एकेक येणं मागे सरकवत गेले,
बूट, मिशी, सूप,
कुठल्या साली नेऊन ठेवायचं ते कळेना.
माझ्या भाषेत त्या काळाच्या नावातच भूत आहे,
हे मला इतक्या लांब येऊन ऐकू आलं.

गुरुवारी मी काही बोलले नाही.
नेहमीसारखं, वर्तमानातच विचारलं,
एंडेल कुठे काम करतो?
हेल्यूनं चष्म्यावरून पाहिलं.
मला कळलंय हे बहुतेक तिला कळलं.
रेल्वेत, ती म्हणाली. रात्रपाळी करतो.

साडेतीनला सूर्य गेला.
आईचं घड्याळ माझ्या साडेतीन तास पुढे,
तिथे आता कुकर लागला असेल.
मी शेगडीत बर्चची साल पेटवली, पहिल्याच काडीत.
एरवी चार लागतात.
मागून हेल्यू म्हणाली, तुली.

मी विस्तवाकडे पाहिलं, मग दाराकडे.
तिनं कुठे पाहिलं ते मी पाहिलं नाही.

निघताना तिनं माझ्या कोटाला
एक चकचकीत तबकडी अडकवली.
अंधारात गाड्यांना माणूस दिसावं म्हणून, इथे तसा कायदाच आहे.
जुनी होती, दोरी विटलेली, वर इंजिनाचं चाक.
पुलावर एक ट्रक आला.
मी क्षणभर लखलखले,
मग पुन्हा काळी.

फोनवर आई: काय केलंस गं आज?
मी म्हटलं, लाकडं.