सेलरी

माल्मोच्या तळघरात, माइकसमोर
इंगेला सेलरीचा दांडा पिळते :
एक मान मोडली.
ओलं चामडं फरशीवर आपटते :
एक माणूस कोसळला.
सकाळपासून एकोणीस.

त्या खेळात जग बुडून तीस वर्षं झालीत.
पहिल्या भागात बाप वाचला होता.
त्याचा श्वास सिक्स्तेनचा,
म्हणजे तिच्या नवऱ्याचा, दम्यासकट.
दुसऱ्या भागात बाप पहिल्याच तासात मरतो
आणि लेक सूड घ्यायला निघते बर्फातून;
बर्फ म्हणजे मोज्यात भरलेलं बटाट्याचं पीठ.

शेवटचा श्वास मात्र कुठेच नव्हता.
सिक्स्तेनने तो इस्पितळात सोडला
आणि तिथं रेकॉर्डर न्यायचं तिला सुचलं नाही.
सुचलं असतं तर नेला असता का,
हे ती कुणाला सांगत नाही.

जुन्या फायली उपसल्या.
सापडला तो जिना चढून आलेला :
धाप, खोकला, मग ‘कॉफी उरलीये का गं?’
तिनं शब्द कापले. धाप ठेवली.
आता घरोघरी बाप त्याच धापेवर मरेल.

यादीत शेवटची ओळ :
लेक वैरिणीच्या गळ्यावरचे हात काढते. आवाज हवा.
हात सुटण्याला कसला आवाज?
तिनं हातमोजे चोळले, दोर सैल केला,
पाणी ओघळू दिलं. जमेना.
मग नुसतीच उभी राहिली,
माइक चालू आहे हे विसरून.
तेवढंच त्यांनी ठेवलं.

उरलेली सेलरी तिनं घरी नेली, सुपासाठी.
मोडली नाही.
सुरीनं चिरली, अगदी हळू,
शेजारी कुणी झोपलंय अशी.