कल्ले

हर्णैच्या पुळणीवर चार वाजता बोली लागते
तेव्हा मी आधी पाटीकडे बघत नाही,
पाटी मांडणाऱ्याकडे बघते.
मग अंगठ्यानं कल्ला उचलते.
आत लाल असेल तर मासा आजचा.
विटकरी असेल तर भाव पाडायचा.
राखाडी असेल तर हसून पुढे जायचं,
वर कितीही बर्फ थापलेला असो.

हे मला कुणी शिकवलं नाही.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकानं
डझनभर सरंगे निम्म्या भावात दिले,
सकाळच्या एस्टीनं दापोलीला न्यायला मी चढले
आणि आसूदच्या चढावर माणसांनी
मला पाटीसकट उतरवलं.
मग चालत परत. वास पुढे, मी मागे.

म्हणून तो आला तेव्हा
माझा अंगठा आपोआप उठला.
पांढरा सदरा. बूट वाळूत रुतू नयेत म्हणून
पावलं मोजून टाकत होता.
आमच्या जितेशला म्हणाला,
बोटीवर, पण परदेशी बोटीवर,
डेक घासायचा नाही, एसीत बसून काम,
महिना दीड लाख, वर जेवण, वर विमान.
दहावीला किती पडले तेही विचारलं नाही.
फक्त साडेतीन लाख, तेही आत्ता अर्धेच.
आणि जागा एकच उरलीय, मावशी.

जागा नेहमी एकच उरते.
मीही ओरडते, ही शेवटची पाटी.

त्यालाही कल्ले होते, कानाखाली नीट कोरलेले.
पण माणसाचे कल्ले उचलून
आत बघता येत नाही.

भाची नूतन कॉलेजात जाते. ती म्हणाली,
आत्ये, ह्याला इंग्रजीत म्हणतात
टू गुड टू बी ट्रू.
मला ऐकू आलं गूळ.
म्हटलं, बरोबर आहे,
माशाला कोळंबी, मुंगळ्याला गूळ.
ती हसत सुटली. गूळ नाही गं, गुड, चांगलं.
खरं असायला जरा जास्तच चांगलं.
म्हटलं, मग इंग्रजांनाही कुणीतरी
निम्म्या भावात सरंगे विकले असणार.

पैसे दिले नाहीत.
बांगड्या हातात राहिल्या.
जितेश बोलायचा थांबला.

पाजपंढरीतल्या दोघांनी दिले.
एक कुठल्याशा बंदरात सात महिने अडकला,
पासपोर्ट कप्तानाकडे, पगार कुणाकडेच नाही,
बोटीतलं पाणी उपसत, डाळ मोजून खात.
परत आला तो अजून
रात्री दिवा मालवू देत नाही.

दुसरा, चोगल्यांचा विघ्नेश,
खरंच बोटीवर आहे.
खरंच एसी आहे.
दिवाळीत त्यानं घराला मजला चढवला,
निळ्या काचांचा, माझ्या ओट्यावरून दिसतो.
सूर्य किल्ल्यामागे उतरायला लागला
की त्या काचा पेटतात
आणि जितेश जाळं शिवताना
तिकडे पाठ करून बसतो.

ह्याला इंग्रजीत काय म्हणतात,
नूतनला विचारलं नाही.

परवा बुरोंडीकडचं एक नवंच पोर
सुरमई घेऊन आलं, द्याल त्या भावात.
डोळे काचेसारखे.
बोट दाबलं, मांस लगेच वर आलं.
कल्ला उचलला. लाल, जास्वंदीसारखा.
म्हटलं, एवढी स्वस्त का रे?
म्हणाला, मावशी, आई दवाखान्यात आहे,
शेवटची गाडी धरायचीय.

मी दोन पावलं मागे सरले.

हेमानं अख्खी पाटी उचलली,
दिवेलागणीपर्यंत विकून मोकळी,
कुणाच्या पोटात दुखलं नाही.

माझा अंगठा अजून ओला होता.
पदराला पुसला.
मग हुंगून पाहिला.
कसलाच वास नव्हता.